काळा, पण किती काळा?

वेरूळला एक सकाळ घालवली की कार्डात सहज तीनशे फोटो जमतात. घरी येऊन ते उघडले की निम्मे एकाच प्रश्नावर अडतात: दगड किती काळा ठेवायचा?

मराठवाड्यात कॅमेरा घेऊन हिंडणाऱ्याची यातून सुटका नाही. वेरूळ, देवगिरीचा कडा, औशाची तटबंदी, नळदुर्गचे बुरूज, सगळा बेसाल्टच. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला मात्र सारं जग मध्यम राखाडी वाटतं. फ्रेमभर काळा दगड आला की मीटर उजेड वाढवतो आणि लेणं राखेत लोळवल्यासारखं दिसतं. समोर बीबी का मकबरा आला की मीटर उजेड कापतो आणि पांढरा घुमट मळकट होतो. म्हणून दगडासमोर एक्सपोजर (फोटोत शिरणारा उजेड) पाऊण स्टॉप खाली (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), मकबऱ्यासमोर तेवढंच वर. कैलास लेण्याचं तोंड पश्चिमेला. सकाळी अंगण सावलीत आणि वर लखलखीत आभाळ, दोन्ही एका फ्रेममध्ये मावत नाहीत. तिथे आभाळ सांभाळावं, दगड घरी संगणकावर उचलता, म्हणजे उजळता येतो.

उचलता येतो, पण रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद ठेवणारी फाइल असेल तरच. १४ बिटच्या रॉमध्ये उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेग या नेहमीच्या दाबलेल्या फाइलमध्ये २५६. जेपेगची सावली ओढायला गेलं की खांबांवर पट्टे उमटतात, कोपऱ्यांत जांभळट डाग येतात. आणि ओढता येते म्हणून सावल्या उजळणारा शॅडोचा स्लाइडर शंभरावर नेणं हा वेगळाच आजार. गाभाऱ्यात टॉर्च पाडल्यासारखं सगळं दिसायला लागतं. लेण्यात अंधार असतो, तो थोडा राहू द्यावा.

अजिंठ्याची अडचण निराळी. फ्लॅश चालत नाही, ट्रायपॉडला परवानगी लागते. म्हणजे एफ १.८ची, मोठ्या छिद्राची लेन्स, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० आणि श्वास रोखून १/३० सेकंद. आतल्या दिव्यांना स्वतःचा रंग असतो, तो भित्तिचित्रातल्या बोधिसत्त्व पद्मपाणीच्या चेहऱ्यावर चढतो. त्याच उजेडात ग्रे कार्डाचा, म्हणजे रंग जुळवायच्या राखाडी पुठ्ठ्याचा एक फोटो घेऊन ठेवला तर पुढचं काम एका क्लिकचं. नाहीतर रात्रभर पिवळं-निळं करत बसा.

खरी फसवणूक टेबलावर होते. नवा मॉनिटर दुकानातून येतो तो डोळे दिपवायलाच. त्या झगमगाटात दगड भरपूर उजळ दिसतो, माणूस तो आणखी गडद करतो आणि लॅबमधून प्रिंट येते ती कोळशाची. चौरस मीटरला १०० ते १२० कँडेला (उजेडाचं एकक) एवढा उजेड पुरतो. मोजायला कॅलिब्रेटर, म्हणजे स्क्रीनचा उजेड आणि रंग मोजणारं यंत्र असेल तर उत्तमच, पण मॉनिटर अर्धा तास तापल्यावर लावावा. नसेल तर खोलीतल्या उजेडात कोरा कागद स्क्रीनशेजारी धरायचा आणि स्क्रीनवरचा पांढरा कागदाइतकाच वाटेपर्यंत ब्राइटनेस उतरवायचा. पिवळ्या बल्बखाली बसू नये. त्या उजेडाला सरावलेल्या डोळ्यांना स्क्रीन निळी वाटते, हात आपोआप फोटोत पिवळा ओततो आणि सकाळी कैलासाला कावीळ झालेली असते.

बाकीचं सामान सोपं आहे. २४ मेगापिक्सेलची रॉ साधारण ३० एमबी धरली तर तीनशे फोटो ९ जीबी होतात. दोन वेगळ्या डिस्कवर गेल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. कॉपी चालू असताना लाइट गेली तर फाइल अर्धवट राहते, म्हणून डेस्कटॉपला छोटा यूपीएस हवाच. आभाळात करडे ठिपके दिसले तर ती सेन्सरवरची धूळ, एफ १६ला, म्हणजे बारीक छिद्राला हमखास उठून दिसते. रबरी ब्लोअरने उडवावी. तोंडाने फुंकर मारली की थुंकीचे शिंतोडे बसतात आणि ते धुळीपेक्षा चिवट.

एवढं सगळं जमलं तरी प्रश्न उरतोच, कारण दगडही एका रंगावर टिकत नाही. मे महिन्यात तो करडा, तपकिरी, धुळीने माखलेला; श्रावणात भिजला की काळाकुळकुळीत. त्याचं माप स्वयंपाकघरात मिळतं. आपल्याकडचे जुने पाटे बहुधा याच दगडाचे. दिवसा खिडकीजवळ पाटा ठेवावा, अर्ध्यावर पाणी शिंपडावं. कोरडा भाग म्हणजे उन्हाळ्यातलं वेरूळ, ओला म्हणजे पावसाळ्यातलं. फोटो कोणत्या महिन्यातला ते बघायचं आणि मग स्लाइडरला हात लावायचा, पाणी वाळायच्या आत.