बॉस्टनमध्ये गोड खात, मळीच्या टाकीपर्यंत

सहकारी साखर कारखान्यात चीफ केमिस्ट म्हणून निवृत्त झालेल्या आणि स्वतःच्या रक्तातली साखर काठावर येऊन बसलेल्या बापाला वाढदिवसाला काय द्यावं? आमच्या लेकीनं 'डेझर्ट वॉक'चं तिकीट दिलं. बॉस्टनच्या नॉर्थ एंडमध्ये, म्हणजे बंदराला लागून असलेल्या जुन्या इटालियन वस्तीत, गाईडबरोबर तीन तास चालायचं आणि ठिकठिकाणी थांबून गोड खायचं. जावई म्हणाले, "बाबा, एकेक घास खायचा आणि मध्ये चालायचं. हिशेब बरोबर बसतो." हिशेब त्यांचा, साखर माझी. पण हंगामात चोवीस तास साखरेच्या वासात आयुष्य गेलेल्या माणसाला गोडाची धास्ती कितीशी असणार? मी तयार झालो.

खरी अडचण सौ.ची होती. तिला अंडं चालत नाही. बुकिंगच्या फॉर्ममध्ये 'शाकाहारी' असा रकाना होता, पण तिकडच्या शाकाहारात अंडं बसतं. मुलीनं आधी ज्या कंपनीला विचारलं, तिच्याकडून उत्तरच आलं नाही. दुसरीकडून गाईडचाच फोन आला. बाई मोकळेपणानं म्हणाल्या, "अंडं नको असेल तर निम्मे पदार्थ बाद होतील, पण मी दुकानांना आधी सांगून ठेवते. शिवाय डुकराच्या चरबीचंही विचारून घेते." चरबीचं आम्हाला सुचलंच नव्हतं. जुन्या पद्धतीच्या इटालियन पेस्ट्रीच्या पिठात मोहनाला लार्ड घालतात. ज्यांना हे चालत नाही त्यांनी फॉर्मवर विसंबून न राहता दोन्ही गोष्टी स्वतः विचाराव्यात. फोनवर हे सगळं ऐकून सौ. एवढंच म्हणाली, "अहो, मी घरून दशम्या घेते."

आम्ही ब्लू लाइननं अ‍ॅक्वेरियम स्टेशनला उतरलो. लाँग वार्फच्या शेजारच्या बागेत वेलींच्या मांडवाखाली सगळ्यांनी जमायचं होतं. पलीकडे बोटी, अंगावर खारा वारा. गाईडबाई साठीच्या आसपासच्या, आजोबा नेपल्सकडून आलेले, आवाज खणखणीत. त्यांनी पहिलं काय सांगितलं असेल, तर पाणी पीत राहा आणि पहिल्याच दुकानात पोट भरू नका. गटात टेक्सासचं एक नवविवाहित जोडपं होतं. त्यांनी हे कानाआड केलं आणि तिसऱ्या थांब्यापासून ते नुसतेच बघत उभे होते.

बागेतून निघालं की ग्रीनवे ओलांडावा लागतो. आता तिथं हिरवळ आणि कारंजी आहेत, पण पूर्वी याच जागेवरून उन्नत महामार्ग जायचा आणि त्यानं नॉर्थ एंडला बाकीच्या शहरापासून तोडून टाकलं होतं. रस्ता भुयारात नेऊन हा पूल पाडला तो या शतकात. त्या तुटलेपणामुळेच वस्ती तशीच राहिली, असं गाईडबाईंचं म्हणणं. मला ते पटलं. आधी इथं आयरिश होते, मग ज्यू आले, मग इटालियन. गल्ल्या मात्र इंग्रज अमदानीतल्याच, अरुंद आणि वाकड्या. अमेरिकन स्वातंत्र्यलढ्यातल्या पॉल रिव्हियरचं 1680 च्या सुमाराचं लाकडी घर अजून उभं आहे. त्याच्या दारात उभं राहून आम्ही बदामाचे मऊ, वर पाइन नट्स चिकटवलेले बिस्किटासारखे पिन्योली खाल्ले. त्यात अंड्याचा पांढरा बलक असतो, त्यामुळे सौ.नं पर्समधून दशमी काढली. टेक्सासच्या मुलीनं ती चाखून बघितली आणि कृती विचारली. गूळ म्हणजे काय, हे तिला समजावताना माझी पाच मिनिटं गेली.

हॅनोव्हर स्ट्रीट हा इथला राजरस्ता. माइक्स पेस्ट्री 1946 पासूनची, मॉडर्न पेस्ट्री 1930 पासूनची, दोन्ही याच रस्त्यावर. कॅनोली कुठली चांगली, यावरून बॉस्टनकरांचे उघड दोन पक्ष आहेत. रस्त्यात निळ्या-पांढऱ्या सुतळीनं बांधलेला पांढरा खोका हातात दिसला की माणूस माइक्समधून आला हे समजावं. गाईडबाईंनी आपला पक्ष शेवटपर्यंत सांगितला नाही. मी मात्र सांगून टाकतो.

कॅनोली म्हणजे तळलेल्या खुसखुशीत पिठाची नळी, आत रिकोटाचं गोड सारण. पोळी धातूच्या नळकांड्यावर गुंडाळून तळतात. पिठात थोडी वाइन असते, त्यानं वर बारीक फोड येतात. रिकोटा होतो चीज काढून उरलेल्या निवळीचा. निवळी पुन्हा तापवली की जे वर येतं ते गाळून घ्यायचं. आता केमिस्टच्या नजरेनं बघा. सारणात भरपूर पाणी, नळीत जवळपास नाहीच. दोन्ही एकत्र आली की ओलावा सारणाकडून नळीकडे सरकणारच, त्याला कोणाचा इलाज नाही. सकाळी भरून काचेत मांडलेली कॅनोली दुपारी चामट लागते ती याच कारणानं. मॉडर्नमध्ये ऑर्डर दिल्यावर भरतात. काउंटरमागच्या मुलीनं नळी उचलली, पिशवीचं तोंड एका बाजूनं घालून दाबलं, मग दुसऱ्या बाजूनं, दोन्ही टोकं पिठीसाखरेत टेकवली आणि कागदावर ठेवून पुढं सरकवली. दहा सेकंदांचं काम. दात लावल्यावर नळीचा आवाज आला आणि तुकडे शर्टावर सांडले. सांडलेच पाहिजेत. साखरही बेताची होती. म्हणून माझं मत मॉडर्नला. नळी चिकटवायला अंडं लावतात, त्यामुळे सौ.ला त्यांनी नुसतं सारण कागदी कपात दिलं. तिनं ते दशमीबरोबर खाल्लं आणि मान डोलावली.

स्फोल्यातेल्ला या शिंपल्याच्या आकाराच्या पेस्ट्रीला तिनं हात लावला नाही, पण निरखून बघितलं. "चिरोटाच आहे की हा, नुसता शंखासारखा वळलाय," म्हणाली. निदान अचूक होतं. पीठ कागदासारखं पातळ ओढायचं, मध्ये चरबी लावायची, गुंडाळी करून कापायची. तिचाच मोठा अमेरिकन भाऊ म्हणजे 'लॉब्स्टर टेल', आत खच्चून क्रीम भरलेला. तो मला झेपला नाही. तिरामिसू हे कॉफीत भिजवलेल्या बिस्किटांचं क्रीमवालं गोडही चमचाभरच घेतलं. आणि ज्याला बॉस्टन क्रीम पाय म्हणतात तो इथला नाहीच. तो 1856 मध्ये पार्कर हाऊस हॉटेलात जन्मला आणि नाव 'पाय' (pie) असलं तरी केकच आहे. या वॉकमध्ये तो नव्हता याचं मला दुःख नाही.

मध्ये बसायला मिळालं ते काफे व्हित्तोरियामध्ये. 1929 चं दुकान, जुनी पितळी कॉफी यंत्रं मांडलेली. बिनसाखरेची एस्प्रेसो घेतल्यावर तोंड पुन्हा खायच्या लायकीचं झालं. या टप्प्यावर कडू कॉफी हवीच.

तिथून ओल्ड नॉर्थ चर्च. 1723 ची इमारत. इंग्रज सैन्य पाण्यावरून निघालंय हे कळवायला 18 एप्रिल 1775 च्या रात्री याच मनोऱ्यात दोन कंदील लावले होते. पर्यटकांची गर्दी फार, आम्ही बाहेरूनच पाहिलं. मग चढ चढून कॉप्स हिलच्या दफनभूमीत गेलो. इथं गाईडबाईंचा सूर बदलला. म्हणाल्या, "आतापर्यंत गोड खाल्लंत, आता ते आलं कुठून ते ऐका."

कॅरिबियन बेटांवर गुलामांच्या श्रमातून ऊस पिकायचा, साखर युरोपला जायची आणि मळी, म्हणजे साखर काढून झाल्यावर उरणारा काळा दाट पाक, जहाजांनी बॉस्टनला यायची. इथं तिची रम व्हायची, रम आफ्रिकेला जायची आणि तिच्या बदल्यात माणसं विकत घेतली जायची. ती माणसं पुन्हा उसाच्या मळ्यांत. 1764 च्या शुगर अ‍ॅक्ट या ब्रिटिश कायद्यानं परदेशी मळीवर गॅलनला तीन पेन्स कर बसवला आणि बॉस्टनचे व्यापारी खवळले. स्वातंत्र्ययुद्धाच्या तक्रारींतली ही एक सुरुवातीची. याच टेकडीवर गुलामगिरीविरुद्ध लढलेला प्रिन्स हॉल पुरलेला आहे, आणि त्याच्या भोवती नावाचा दगडही नसलेले कितीतरी काळे लोक.

टेकडी उतरलं की कमर्शियल स्ट्रीट आणि लगेच पाणी. इथं खेळाचं मैदान आहे, म्हातारे बोची हा इटालियन चेंडूंचा खेळ खेळत असतात. कडेला एक छोटी पाटी. बाकीचे पाटीचा फोटो काढत होते, मी तिथं रेंगाळलो. 15 जानेवारी 1919 ला दुपारी साडेबाराच्या सुमाराला या जागेवरची मळीची टाकी फुटली. 50 फूट उंच, 90 फूट व्यास, आत 23 लाख गॅलन, म्हणजे सुमारे 87 लाख लिटर मळी. 21 माणसं गेली, दीडशे जखमी झाली. लाटेनं घरं पायासकट सरकवली, अग्निशमन दलाचं ठाणं हललं, उन्नत रेल्वेचे खांब वाकले.

गटातले काही जण हसले. मळीत कोण बुडतं? मी हसू शकलो नाही. मळी पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड. म्हणजे तेवढ्याच उंचीच्या टाकीच्या तळावर दाबही दीडपट. आमच्याकडे नवी टाकी आधी पाण्यानं काठोकाठ भरून ठेवत, सांधे चोवीस तास बघत, मगच मळी सोडत. तरी उन्हाळ्यात तापमानाच्या नोंदी घ्यायच्या, कारण साठवलेली मळी आतून तापते आणि फेसाळते. इथं 1915 मध्ये युद्धाच्या घाईत टाकी उभी केली, कारण दारूगोळ्यासाठी मळीपासूनचं अल्कोहोल हवं होतं. चाचणी म्हणून तळाशी अर्धा फूट पाणी घालून बघितलं आणि झालं! पत्रा पाहिजे त्यापेक्षा पातळ. पहिल्यापासून सांधे गळत होते, आजूबाजूची पोरं डबे आणून गळणारी मळी भरून न्यायची. मालकांनी काय करावं? गळती दिसू नये म्हणून टाकीला तपकिरी रंग दिला.

त्या रंगाचं ऐकलं आणि माझ्या पायांतलं बळ गेलं. गळणारा सांधा रंगवून टाकणारी माणसं मी नोकरीत पाहिली आहेत. टाकीपुढं उभं राहून 'सही करणार नाही' म्हणताना किती एकटं वाटतं, तेही मला माहीत आहे.

घटनेच्या थोडे दिवस आधी जहाजातून ऊबदार मळी टाकीत आली होती, आतली थंडगार होती. वरून हवा एकाएकी सौम्य झालेली. फुटली तेव्हा मळी वेगानं धावली आणि नंतर थंडीनं घट्ट होत गेली, त्यामुळे अडकलेल्यांना बाहेर काढणंच अवघड झालं. रस्ते धुवायला बंदरातलं खारं पाणी पंपानं मारावं लागलं. कंपनीनं अराजकवाद्यांच्या बॉम्बवर ढकलून बघितलं. वस्ती इटालियन, त्यामुळे हा आरोप कोणावर होता ते सांगायला नको. खटला वर्षानुवर्षं चालला, 1925 मध्ये दोष कंपनीवरच आला आणि सुमारे 6 लाख 28 हजार डॉलर भरपाई द्यावी लागली. गाईडबाई हे सांगत असताना मी मध्येच घनतेचं बोललो, तर त्यांनी मला पुढं बोलावलं आणि म्हणाल्या, आता तुम्हीच सांगा. मोडक्या इंग्रजीत मी दाबाचं गणित सांगितलं. जावयांनी त्याचा व्हिडिओ काढून आमच्या जुन्या लॅबच्या ग्रुपवर टाकला.

परतीचा शेवटचा थांबा सेलम स्ट्रीटवर, 1932 पासूनच्या पोलकारीज या कॉफी-मसाल्यांच्या दुकानात. आत पोत्यांचा, मसाल्यांचा असा वास की सौ. वाण्याच्या दुकानात शिरावी तशी शिरली आणि बडीशेपेचे भाव विचारू लागली. इथं लिंबाचा बर्फ मिळतो. पाणी, साखर, लिंबू, बस. अंडं नाही, चरबी नाही. तिनं सबंध कप संपवला, माझ्यातलाही निम्मा घेतला आणि दिवसभरात हेच खरं, असा निकाल दिला.

जाणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी. सकाळी फक्त चहा पिऊन जा. काही जुन्या दुकानांत रोखच चालते, तेव्हा सुटे डॉलर जवळ ठेवा. गाईडला पंधरा-वीस टक्के टिप द्यायची पद्धत आहे, ती तिकिटात धरलेली नसते. बूट चालायचे घाला, कारण विटांचे पदपथ वरखाली आहेत. शनिवार-रविवार टाळा. मधुमेह असेल तर प्रत्येक थांब्यावर अर्धं कोणाला तरी द्या, घेणारे भेटतात. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी साखर 131 निघाली. मुलीनं ती डॉक्टरांना कळवली आहे.

निघताना गाईडबाई म्हणाल्या, ऑगस्टच्या शेवटच्या शनिवार-रविवारी या. सेंट अँथनीची जत्रा असते, 1919 मध्येच सुरू झालेली, मूर्तीची मिरवणूक निघते आणि लोक तिला नोटा चिकटवतात. आमचं परतीचं तिकीट त्याच्या आधीचं आहे. तारीख पुढं ढकलायला किती पैसे पडतील, हे बघायला सौ.नं जावयांना सांगितलंय.