सभेआधी कारखान्याचा अहवाल कसा वाचावा

वाळवा-कराड पट्ट्यात ऊस घालणारे बरेचजण सहकारी कारखान्याचे सभासद, म्हणजे मालक. शेअर कितीही असले तरी मत एकच. पण अहवालाची पुस्तिका बहुधा सभेच्या मंडपातच पहिल्यांदा उघडली जाते, आणि तोवर ‘मंजूर, मंजूर’ सुरू झालेलं असतं.

आधी साखर उतारा, म्हणजे उसाच्या वजनातून किती टक्के साखर निघाली, ते बघा. २०२५-२६ साठी एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, वर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये. उतारा १२ असेल तर टनाला साधारण ४,१५५. यातून तोडणी-वाहतूक वजा होते. ती ८०० धरली तर हातात ३,३५५. खरी मेख इथेच: गाड्या लांबून आल्या की सरासरी वाहतूक खर्च फुगतो आणि तो गेटकेनसकट (कार्यक्षेत्राबाहेरच्या उसासकट) सगळ्यांच्या बिलात बसतो. म्हणून एकूण तोडणी-वाहतूक खर्च भागिले एकूण गाळप, हा भागाकार स्वतः करा आणि मागच्या वर्षीशी ताडून बघा.

मग ताळेबंदात ‘येणे’ बघा. तोडणी मुकादमांना दिलेली उचल वर्षानुवर्षं तिथेच पडून असेल, तर ती बुडीतच समजा. लेखापरीक्षकाचे शेरे आणि ते दोष कसे दूर केले हे सांगणारा दोष-दुरुस्ती अहवाल तर वाचाच.

प्रश्न तोंडी विचारू नका, माइक बंद पडतो. सभेआधी लेखी द्या, पोच घ्या. ऊसबिल चौदा दिवसांत मिळालं नसेल तर १५ टक्के व्याजाची मागणीही त्याच अर्जात लिहा.