पोलिसांना जबाब द्यावा का? माझा अनुभव आणि एका वाक्याचा घोळ

अपघाताचा जबाब द्यायला बोलावलं तर जावं की नाही, हे सोसायटीत हल्ली लोक मला विचारतात. मी वकील नाही, पतपेढीत हिशेब बघते. पण गणपतीच्या दिवसांत एका जबाबापायी इतकी वैतागले की तो वैताग ताजा आहे तोवर लिहून काढते. पोलीस स्टेशनचं नाव लिहीत नाही. ठाणे शहरातलं आहे, एवढं पुरे.

प्रसंग थोडक्यात. घोडबंदर रोडला, मानपाड्याच्या पुढे, सर्व्हिस रोडवर संध्याकाळी टेम्पोने एका स्कूटीला ठोकलं. मी भाजीच्या गाडीवर कोथिंबीर निवडत होते, रस्त्याकडे पाठ. धाडकन आवाज झाला म्हणून वळले. स्कूटी आडवी, कॉलेजातली वाटावी अशी मुलगी तिच्याखाली, आणि टेम्पो तिरका थांबलेला. त्या बाजूने गाड्या ठाण्याकडे येतात आणि टेम्पोचं तोंड होतं कासारवडवलीकडे. ड्रायव्हर उतरला, मुलीकडे बघितलं आणि पत्र्यांच्या फटीतून पळाला. त्याचा चेहरा मी नीट पाहिला, टेम्पोचा नंबरही लिहून घेतला. एका रिक्षावाल्याने मुलीला आणि मला हॉस्पिटलात पोचवलं, भाडं घेतलं नाही, आणि जाताना एवढंच म्हणाला, "मॅडम, माझं नाव कुठे देऊ नका हां." त्याची रिक्षा एक दिवस उभी राहिली तर त्या दिवशीचं घर कसं चालणार? त्याचा नंबर मी पाहिला नव्हता, आणि पुढे हवालदारांनी विचारल्यावर तो पाहिला नाही याचं मला बरंच वाटलं.

हॉस्पिटलने पोलिसांना कळवलं, तिथे आलेल्या शिपायाला मी माझा फोन नंबर दिला. घरी हे सांगितलं आणि तोंडाचा पट्टा सुरू झाला. जाऊबाई म्हणाल्या, "कशाला लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, तू तर पोलीस स्टेशनपासूनच सुरुवात केलीस." नवरा काही बोलला नाही, म्हणजे तोही त्यांच्याच बाजूचा. भाच्याने एका अमेरिकन वकिलाचा व्हिडिओ पाठवला, पोलिसांशी एक अक्षरही बोलू नका असं सांगणारा.

व्हिडिओ मी पूर्ण पाहिला. माणूस बोलतो छान, पण तो अमेरिकेतल्या कायद्याबद्दल बोलतो. तिथे १९६६च्या मिरांडा निकालापासून, ताब्यातल्या माणसाला 'गप्प बसायचा तुला हक्क आहे' असं चौकशीआधी सांगावं लागतं, आणि त्यानंतरही तो जे बोलेल ते कोर्टात त्याच्याविरुद्ध वापरता येतं. आपल्याकडे पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालतच नाही. १८७२च्या पुरावा कायद्यात हे कलम २५ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात २३ आहे. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती आरोपीवर करता येत नाही, हे राज्यघटनेच्या कलम २०(३) मध्येच लिहिलेलं आहे. म्हणून भाच्याला सांगितलं, उद्या तुझ्यावरच काही बालंट येतंय असं वाटलं तर आधी वकील गाठ. अटक झाली तरी चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येतं, फक्त पूर्ण वेळ शेजारी बसवून ठेवता येत नाही. पण मी होते साक्षीदार. साक्षीदाराला विचारलेल्या प्रश्नांची खरी उत्तरं द्यावीच लागतात. ज्या उत्तराने आपण स्वतःच गुन्ह्यात अडकू शकतो, तेवढं सोडून.

यातलं निम्मं मला आमच्या विंगमधल्या काकांनी सांगितलं. ते पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि आता सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरून कमिटीशी भांडतात. त्यांनी सांगितलेली सगळ्यात कामाची गोष्ट अशी, की बाईमाणसाला साक्षीदार म्हणून पोलीस स्टेशनला या असा आग्रह पोलिसांना धरता येत नाही. जिथे राहते तिथे येऊन विचारायचं. साठीच्या वरच्या पुरुषांनाही तेच. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत हे कलम १७९, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत १६० होतं. स्वतःहून जायचं असेल तर जाता येतं. मी गेले, कारण घरी पोलीस आले असते तर जाऊबाईंना वर्षभर पुरेल एवढा विषय मिळाला असता.

आता घोळाकडे येते.

तपास एका हवालदारांकडे होता. वयाने पन्नाशीच्या आसपास, आवाज मऊ, डोळे तांबारलेले, कारण आदल्या रात्रभर तलावपाळीला विसर्जनाच्या बंदोबस्तात उभे होते. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. वागण्याबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच लिहिते. लोक समजतात तसं कोणी दरडावलं नाही.

मी सांगत गेले, ते ऐकत गेले. मग त्यांनी कुठल्यातरी जुन्या जबाबाची फाईल उघडली आणि त्यातच नाव-पत्ता बदलायला घेतला. एका बोटाने टायपिंग, मध्येच फोन, मध्येच कोणाचं पाकीट हरवलं ते, मध्येच ठाणे अंमलदारांची हाक. बऱ्याच वेळाने प्रिंट निघाली. वाचायला मागितली, तर पहिल्याच ओळीत माझं वय ३४ आणि धंदा पानटपरी. त्यावर आम्ही दोघेही हसलो. ते लगेच दुरुस्त झालं.

हसू पुढच्या परिच्छेदापर्यंतच टिकलं. तिथे लिहिलं होतं: 'सदर टेम्पोचालकाने त्याच्या ताब्यातील टेम्पो भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने चालवून स्कूटीस धडक दिल्याचे मी समक्ष पाहिले.' आणि सगळ्यात खाली, मी एक अक्षर वाचायच्या आधीच छापलेलं: 'जबाब वाचून पाहिला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.'

"साहेब, मी धडक पाहिली नाही. मी पाठमोरी होते."

"मॅडम, लिहायची पद्धत अशीच असते."

"पद्धत असू दे. मी पाहिलंच नाही ना."

"आवाज ऐकलात, वळलात. मग पाहिलंच की."

"वळले तेव्हा टेम्पो थांबला होता. थांबलेला टेम्पो भरधाव कसा म्हणू?"

ते दमून खुर्चीत मागे रेलले. म्हणाले, एवढं वाक्य नसेल तर केस उभी कशी राहणार, आणि मग तुमच्या जबाबाचा उपयोग तरी काय? माझं म्हणणं होतं, उपयोग आहे. टेम्पो उलट्या बाजूने तोंड करून उभा होता हे मी पाहिलंय, नंबर पाहिलाय, ड्रायव्हरचा चेहरा पाहिलाय, तो मदत न करता पळाला हे पाहिलंय. हे चार मुद्दे कोणत्याही वकिलासमोर मी छातीठोकपणे सांगेन. पण 'समक्ष पाहिले' म्हटलं, की तो वकील भाजीवाल्याला विचारणार, ही बाई कुठे तोंड करून उभी होती? एक वाक्य खोटं ठरलं की उरलेल्या चारही मुद्द्यांवर पाणी.

"बदलू," म्हणाले. तेवढ्यात बंदोबस्ताला निघायची हाक आली आणि ते निघाले. कॉम्प्युटरचा पासवर्ड त्यांच्याकडे. "उद्या या."

या उद्यामध्ये माझे किती अर्धे दिवस गेले ते सांगत बसत नाही. कधी साहेब कोर्टात, कधी बंदोबस्तात, कधी प्रिंटर बंद. एकदा भेटले तर त्यांनी 'भरधाव' काढला होता आणि 'समक्ष पाहिले' तसंच ठेवलं होतं. एकदा दुसऱ्याच टेबलावरच्या तरुण शिपायाने सांगितलं, "मॅडम, तुमचा जबाब झालाय, परत कशाला येता?" मी म्हटलं, तो माझा जबाब नाही, पानटपरीवाल्याचा आहे. तो बिचारा माझ्याकडे बघतच राहिला.

त्या बाकावर बसून जे दिसलं ते बसल्याशिवाय कळत नाही. एक म्हातारे गृहस्थ मोबाईल हरवल्याचा अर्ज घेऊन आले होते आणि दारातच चप्पल काढून आत शिरले. कोणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या मागून एक तरुण आला, नगरसेवकाचं नाव घेत, थेट आतल्या केबिनपर्यंत. आपल्या लोकांना पोलिसांशी वागायच्या या दोनच तऱ्हा माहीत आहेत. साधं टेबलासमोर बसून, 'हे मी पाहिलं, हे नाही पाहिलं' असं सांगणारं माणूस आलं की टेबलापलीकडच्यालाही सुचत नाही काय करावं. हवालदारांचा राग मला यायचा तो याच कारणाने कमी कमी होत गेला. पूर्ण गेला असं मात्र म्हणणार नाही.

शेवटी काकांनी युक्ती सांगितली. मी जे पाहिलं ते साध्या मराठीत, हाताने, एका पानावर लिहिलं: तारीख, वेळ, कुठे उभी होते, तोंड कुठे होतं, काय ऐकलं, वळल्यावर काय दिसलं. 'माझ्या जबाबात धडक समक्ष पाहिल्याचा उल्लेख आहे, तो बरोबर नाही,' असंही लिहिलं. वर 'प्रति, वरिष्ठ पोलीस निरीक्षक'. आवक-जावकला दिलं आणि झेरॉक्सवर शिक्का मारून पोच घेतली. तिथल्या महिला शिपायाने एका शब्दाने काही विचारलं नाही. हा कागद मी पहिल्याच दिवशी का दिला नाही, असं काकांनी विचारलं. त्यांनी तरी पहिल्या दिवशी कुठे सांगितलं होतं!

पोच मिळाली आणि चक्रं फिरली. हवालदारांचा फोन आला, कुठे भेटता? मी म्हटलं, पतपेढीत या, जेवणाच्या सुट्टीत. ते साध्या शर्ट-पँटमध्ये आले. अपघातात मदत करणाऱ्याने स्वखुशीने साक्षीदार व्हायचं ठरवलं तर त्याच्या सोयीच्या जागी आणि सोयीच्या वेळी, गणवेश न घालता विचारपूस करावी, असं २०२०च्या नियमांत आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३४अ आलं त्याखालचे हे नियम. त्यांनी नियम पाळला की त्या दिवशी त्यांची सुटी होती, ते मी विचारलं नाही. पुरवणी जबाब झाला. वाक्य असं आलं: 'मोठा आवाज ऐकून मी वळून पाहिले असता टेम्पो विरुद्ध दिशेस तोंड करून थांबलेला दिसला.' वाचलं, पुन्हा वाचलं. हो, हेच.

चहा घेताना ते म्हणाले, "मॅडम, साक्षीदारच मिळत नाहीत हो. एखादा मिळाला की सगळं त्याच्याच तोंडी घालावं लागतं." त्या भाजीवाल्याने धडक पाहिली असणार, तो रस्त्याकडे तोंड करूनच उभा होता. पण पोलीस विचारायला गेले तेव्हा तो गावाला गेला होता. परत आल्यावर म्हणाला, मला काही दिसलं नाही.

आठवतंय तसं आणखी. पोलिसांसमोरच्या तपासातल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत, कायद्यातच तसं आहे, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८१. पंचनाम्यावर पंचाची सही असते, ते वेगळं. सही करण्याआधी आपण साक्षीदार आहोत की पंच ते विचारून घ्या. जबाबाची प्रत साक्षीदाराला देत नाहीत, त्यामुळे काय सांगितलं ते त्याच संध्याकाळी वहीत लिहा. तक्रार तुमची असेल तर एफआयआरची प्रत मात्र फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. आणि मदत करून तिथून निघून जायचं असेल तर नाव-पत्ता सांगायची सक्ती तुमच्यावर करता येत नाही. त्या रिक्षावाल्याला हे कोणी सांगितलं असतं तर तो इतका घाबरला नसता.

'पंचवीस हजार मिळाले का?' हेही लोक विचारतात. केंद्राची ती योजना गंभीर अपघातातल्या माणसाला पहिल्या तासात पोचवून त्याचा जीव वाचवणाऱ्यांसाठी आहे. त्या मुलीचा पाय मोडला होता, जिवाला धोका नव्हता. तिच्या आईने एकदा घरी येऊन डबाभर चिवडा दिला, तो जाऊबाईंनीच संपवला.

दोषारोपपत्र कोर्टात गेलंय, समन्स अजून आलेलं नाही. आलं की जाईन, काय सांगायचं ते वहीत आहे.

राहिलंच. पोलीस स्टेशनच्या आवारात स्वतःची स्कूटर लावू नका. जप्त गाड्यांच्या रांगेत माझी अडकली, तिच्यापुढे मुद्देमालाचा टेम्पो आणून लावला होता, आणि त्याची चावी ज्यांच्याकडे ते बंदोबस्ताला गेलेले. बाहेर रस्त्यावर लावा, पावती फाटली तरी परवडेल.