पाच वेळा उलटं, उलटी एकदाही नाही: विटा ते खोपोली, जत आणि हैदराबाद

"पैसं दिऊन उलटं टांगून घ्यायचं? आरं, तुझा आजा फुकट टांगायचा की तुला," असं म्हणत आईनं डबा डिकीत ठेवला आणि आम्ही विटा सोडलं. आम्ही म्हणजे मी आणि दहावीतला भाचा. मी मागवाला. आठ माग आहेत, दिवसभर खटखटाट आणि महिन्याअखेर वीजबिल. सुट्टी मिळाली की माणसं महाबळेश्वरला जातात, मी रोलर कोस्टरला.

हा नाद परवडतो तो आमच्या भागाच्या कृपेनं. खानापूर-आटपाडीकडं गलाईवाला नातेवाईक नाही असं घर सापडणं अवघड. सोनं-चांदी गाळणारी आमची माणसं देशभरच्या सराफ पेठांत बसली आहेत. कोचीत चुलता, बंगळुरात वर्गमित्र, हैदराबादला आत्तेभाऊ. त्यामुळं राहणं-जेवण घरचं, खर्च फक्त तिकिटाचा आणि डिझेलचा. दहा-बारा वर्षांत या मार्गानं बरीच पार्कं झाली. यंदा डिसेंबरात सलग सहा दिवस काढून खोपोली, जत आणि हैदराबाद एका दमात केलं.

माझं माप एकच आहे. उतरल्या उतरल्या पाय परत रांगेकडं वळले का? वळले तर राइड चांगली. उंची किती आणि किती कोटींची, हे जाहिरातवाल्यांनी बघावं.

पहिलं खोपोली. कडेगाववरून कराड गाठायचं, तिथून पुणे-बंगळूर हायवे, खंबाटकी, मग पुण्याला वळसा घालून एक्स्प्रेसवे, आणि खोपोलीला उतरून पालीचा रस्ता. अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या पुढं. गूगल सांगेल त्यात दीड तास मिळवा. हायवेच्या रुंदीकरणानं कुठं थांबवलं जाईल नेम नाही, आणि चांदणी चौक ते वाकड हा पट्टा सकाळी नऊनंतर सापडला तर पार्कच्या आधीच पोटात गोळा येतो. पहाटे तीनला निघून थेट पार्कात घुसायचा मर्दपणा मी एकदा केला. पहिल्या लूपला झोप आली होती. आदल्या संध्याकाळी निघा, खोपोलीत मुक्काम करा.

खोपोलीचं हे पार्क म्हणजे इमॅजिका, २०१३ साली सुरू झालं. बहुतेक मंडळी तिथं जातात ती शो, परेड आणि फोटोंसाठी. त्याला माझी ना नाही, पण कोस्टरच्या नादानं जाणाऱ्याला त्या सगळ्याचं जरा जास्तच कौतुक झालेलं आहे. आणि ज्याचं कौतुक कमी झालं, तो एका कडेला उभा आहे. नायट्रो.

हा रोलर कोस्टर बांधला स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबिलार्ड कंपनीनं. विटेकर रेवणसिद्धाचं नाव घेतात तसं कोस्टरवाले या कंपनीचं नाव घेतात. उंची सुमारे ४० मीटर, वेग ताशी शंभराच्या थोडा वर, वाटेत पाच वेळा माणूस उलटा. भारतात या तोडीचं यंत्र आपल्या रायगड जिल्ह्यात आहे, आणि आपली माणसं त्याच्याकडं पाठ करून कारंज्यापाशी सेल्फी काढतात! मंगळवारी आम्हाला एकदाही वीस मिनिटांच्या वर थांबावं लागलं नाही. दिवसभरात नऊ फेऱ्या झाल्या. शनिवार-रविवारी ही अपेक्षा धरू नका. सहलींच्या हंगामात मधल्या वारीसुद्धा शाळांच्या बस येतात; पण मास्तर लोक पोरांना नायट्रोकडं सहसा सोडत नाहीत, हा आपला फायदा.

या गाडीला तळ नाही. चौघं एका ओळीत बसतात, खांद्यावरून दांडा खाली येतो, मग पायाखालचा फलाट सरकतो आणि समोरचं फाटक उघडतं. पाय मोकळे लोंबकळत. असला पहिला बिनतळाचा कोस्टर याच कंपनीनं १९९९ मध्ये अमेरिकेत चालू केला, मेड्युसा नावाचा. पाय असे मोकळे राहतात, म्हणून चपला घालून जाऊ नका. भाच्यानं हौसेनं नवे क्रॉक्स घातले होते, ते फलाटावर काढून नऊही फेऱ्या अनवाणी केल्या. चष्म्याला मागून दोरी बांधा. मोबाइल लॉकरमध्ये. "घट्ट धरतो की" म्हणणाऱ्याचे हात पहिल्या उतारावर कुठं असतात ते मी पाहिलेलं आहे.

कुठं बसायचं यावर आमच्या दोघांत दिवसभर वाद झाला. पोरांना पुढची ओळ हवी असते, कारण समोर काहीच नसतं. एकदा ती जरूर घ्या. पण खरी ओढ मागच्या ओळीत आहे. उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर चढावरून पलीकडं उतरतो तेव्हा मागची ट्रॉली कशी हिसका देऊन माथ्यावरून खेचली जाते, तसं. पुढचे डबे उताराला लागून वेग धरतात तेव्हा मागचा डबा अजून माथ्यावर असतो. मग तो माथा इतक्या झपाट्यानं ओलांडतो की बूड सीटवरून सुटतं. या अधांतरी क्षणासाठीच आम्ही पैसे देतो. शेवटची ओळ आणि त्यातलीही कडेची सीट, कारण गाडी पीळ घेते तेव्हा कडेच्या माणसाला मोठा फेरा पडतो.

आणि वेळ? संध्याकाळची. मागवाल्याचा कान वाईट असतो, खडखडाटात जरा फरक पडला की मान वळते. सकाळी अकराची गाडी आणि दुपारी चारची गाडी आवाजावरूनच वेगळी कळत होती. दिवसभर फिरून चाकं-बेअरिंगं तापली की गाडी मोकळी पळते, सकाळी जरा आळसावलेली असते. चाकं तीन तऱ्हेची: रुळावरची, बाजूची आणि रुळाला खालून धरणारी. या खालच्या चाकांचं पेटंट कोस्टर बांधणाऱ्या जॉन मिलर या अमेरिकन माणसानं १९१९ मध्ये घेतलं, आणि तिथून पुढं उतार खरे तीव्र करता आले, कारण गाडी रुळावरून उचलली जायची भीती गेली.

जेवणानंतर बाकावर बसून भाच्याला लूपकडं बघायला लावलं. "गोल आहे का?" म्हटलं. तो म्हणाला, "व्हय, गोलच हाय." नाही. पाण्याच्या थेंबासारखा आहे, वर अरुंद आणि खाली पसरट. अमेरिकेत कोनी आयलंडला १८९५ मध्ये खरोखरचा गोल लूप बांधला होता. त्यात शिरताना एकदम इतका दाब यायचा की लोकांच्या माना धरायच्या. पुढं १९७६ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या रिव्होल्यूशन कोस्टरसाठी जर्मन इंजिनिअर वेर्नर श्टेंगेलनं हा थेंबाचा आकार आखला, आणि दाब हळूहळू चढू लागला. भाचा म्हणाला, "मामा, हे भूमितीच्या सरांनी सांगितलं असतं तर मी जागा राहिलो असतो."

डीप स्पेस नावाचा दुसरा कोस्टर बंद हॉलमध्ये आहे. चढ न चढता एकदम सुटतो, सगळा अंधारात. भाच्याच्या यादीत तो पहिला, माझ्या यादीत लांबचा दुसरा. अंधारात पुढचं वळण दिसत नाही ही गंमत पहिल्या फेरीची. दुसऱ्या फेरीला वळणं पाठ झालेली असतात.

पावसाळ्यात मात्र तिकडं फिरकू नका. खोपोलीचा पाऊस आपल्या दुष्काळी भागातल्या माणसाला कळणारच नाही. विजा असल्या की कोस्टर थांबवतात, आणि चालू असला तरी शंभराच्या वेगात थेंब तोंडावर टाचण्यांसारखे लागतात.

एक कडू अनुभवही सांगतो, या दौऱ्यातला नाही आणि पार्कचं नाव घेणार नाही. भलं मोठं तिकीट काढून आत गेलो तर ज्या राइडसाठी गेलो तीच दुरुस्तीला. फाटकावर पाटी नाही, तिकीटखिडकीवर शब्द नाही. विचारलं तर म्हणे, "बाकी पस्तीस आहेत की." लग्नाला जाऊन नवरदेव नसावा आणि मंडपवाल्यानं जिलेबी दाखवावी, तसं. तेव्हापासून निघण्याआधी फोन करून राइडचं नाव घेऊन विचारतो: आज चालू आहे का? ऑनलाइन तिकीट स्वस्त पडतं, पण फोननंतर काढा.

बुधवारी परत. गुरुवारी सकाळी माग चालू झालेत का ते बघितलं आणि संध्याकाळी आईला घेऊन भिवघाट, नागजमार्गे जतला, यल्लमाच्या जत्रेला. तुम्ही म्हणाल, जत्रा म्हणजे काय थीम पार्क आहे? माझ्या मापानं आहे. जनावरांचा बाजार, भेंडबत्ताशांची दुकानं, धुरळा आणि त्यापलीकडं पाळण्यांची रांग: आकाशपाळणा, कोलंबसचं जहाज, ब्रेक डान्स, टोराटोरा, ड्रॅगन. फाटकाचं तिकीट नाही, बसाल त्याचे पैसे. टोराटोरात तर चालवणारा माणूस समोर असतो, आणि हीच त्याची खुबी. स्वीसवाल्यांचं यंत्र प्रत्येक फेरी सारखीच देतं. हा मात्र पब्लिक बघून वेग वाढवतो, थांबवतो असं दाखवून पुन्हा सोडतो, गाणं बदलतो. त्या ड्रॅगनला कोस्टर म्हणायला कोस्टरवाले नाक मुरडतील, कारण तो मोटरवर गोल फिरतो, उतारावर नाही. तरी रुळावरून पळतो ना? मी माझ्या यादीत धरला.

जत्रेत मात्र डोळे उघडे ठेवा. बसण्याआधी एक फेरी नुसती उभं राहून बघायची. दांड्याची खिट्टी स्वतः ओढून पाहायची. खिट्टीऐवजी तार गुंडाळलेली दिसली तर पैसे सोडून उतरायचं. वारं सुटलं असेल तर आकाशपाळणा नको. पाळण्याचे पाय दगडांच्या ओट्यावर टेकवलेत की सरळ लाकडी ठोकळ्यांवर, आणि ठोकळे हलतात का, हे बघा. रात्री नऊनंतर गर्दीच्या रेट्यात एका सीटवर तिघं कोंबतात, म्हणून दिवेलागणीलाच बसून घ्या. आई आकाशपाळण्यात बसली, वर गेल्यावर डोळे मिटले आणि खाली आल्यावर म्हणाली, "जत केवढं वाढलंय गं बाई." डोळे मिटून कसं दिसलं, ते विचारलं नाही.

तिला घरी पोचवून शुक्रवारी नागजवरून सोलापूर आणि पुढं हैदराबाद. रस्ता सरळ आणि कंटाळवाणा. शहरात शिरू नका, पाटणचेरूजवळ बाहेरचा रिंग रोड धरा. वंडरला पार्कासाठी रविर्यालची तेरा नंबरची एक्झिट. आम्ही मात्र आधी गुलजार हौजकडच्या आत्तेभावाकडं गेलो, कारण वहिनीनं शेंगोळे करून ठेवले होते.

वंडरलाचं हे पार्क २०१६ चं. तिथल्या रिकॉइल नावाच्या कोस्टरमध्ये बसलो आणि हसू आलं. हा आमच्या मागावर सूत घेऊन इकडून तिकडं पळणारा धोटाच! गाडी आधी मागं उंच खेचतात आणि सोडतात. ती फलाटातून सुसाट जाते, तीनदा उलटी होते, समोरच्या चढावर अडते आणि मग त्याच वाटेनं उलट्या तोंडानं परत, पुन्हा तीनदा. मागावर धोटा दिवसभर हेच करतो, फक्त पैसे देत नाही. हा डच कंपनी वेकोमाचा बूमरँग नमुना जगभर इतक्या ठिकाणी आहे की कोस्टरवाले त्याला हिणवतात. माझं म्हणणं, मागं तोंड करून लूपमध्ये जाणं ही गोष्ट एकदा तरी भोगलीच पाहिजे. डोकं मात्र मागच्या उशीला दाबून धरा, नाहीतर दांडा कानाशी ठोके देतो. तिसऱ्या फेरीनंतर माझी मान बोलू लागली, पाय काही रांगेकडं वळेनात. माझ्या मापानं रिकॉइल नायट्रोच्या बराच खाली.

पण पार्क म्हणून? तिथं वंडरला वर. रांग हलती, माणसं पटापट बसवतात, दांडे दोनदा तपासतात. कोस्टर एवढा एकच मनात धरून आलात तर हिरमोड होईल, घरची आठ माणसं घेऊन आलात तर कुणीच रुसणार नाही. बारानंतर सगळे पाण्याकडं धावतात, तेव्हा कोरड्या राइड्स उरकून घ्या. पाण्यात नायलॉनचेच कपडे चालतात, सुती नाही. मी आयुष्यभर सुती कापड विणलं आणि तिथं दुकानातून नायलॉनची चड्डी विकत घेतली. घरून न्या.

परतीच्या वाटेवर उमरग्याला चहा घेताना भाच्यानं विचारलं, सगळ्यात वरचं कुठलं? मला उगाच एस्सेलवर्ल्ड आठवलं. सहलीला लाल एसटीनं मुंबई, गोराईच्या खाडीत बोट, आणि पहिल्यांदा पोटात आलेला तो गोळा. ते १९८९ चं पार्क २०२२ मध्ये बंद झालं. आमच्या पिढीनं त्याला जितकं डोक्यावर घेतलंय त्यातला अर्धा भाग त्या बोटीचा आहे, कारण समुद्रच आम्ही पहिल्यांदा पाहिला होता. हे भाच्याला सांगून पटलं नाही. "मग नायट्रो म्हणा की सरळ," म्हणाला. म्हटलं, बरं, नायट्रो.

आता नजर चेन्नईवर आहे. वंडरलानं २०२५ मध्ये तिथं पार्क उघडलं, आणि त्यात नायट्रोवाल्या कंपनीचाच कोस्टर आहे, तंजोरा. त्यात गाडी रुळाच्या खाली लटकते. चेन्नईत आमचा गलाईवाला कोणी निघत नाही. कोइमतूरला आईचा चुलत मावसभाऊ आहे. "तिथनं चेन्नई जवळच असंल की," असं आई म्हणते. मी तिला अजून नकाशा दाखवलेला नाही.