टर्कीची शेपटं आणि आयातशुल्क

पॅसिफिक महासागरातल्या सामोआ या बेटांच्या देशात रविवारी चर्चहून आल्यावर घरोघरी भरपेट जेवण असतं, म्हणून राजधानी आपियातल्या मधुमेह ओपीडीत आहारतज्ज्ञाने सोमवारी आदल्या दिवसाचं जेवण विचारणं फार उपयोगी पडतं. त्या सोमवारी एक पन्नाशीचे शेतकरी आले. तळपायात खिळा घुसून जखम चिघळलेली, पण त्यांना पत्ताच नाही. बायकोला दिसली म्हणून आले. स्पर्श कळतो का हे बघायला डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगून 10 ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू वाकेपर्यंत पायाला टेकवला. घट्टा टाळूनच टेकवायचा, नाहीतर निष्कर्ष चुकतो. अंगठ्यालाही स्पर्श कळला नाही.

मग माझं काम. "काल काय खाल्लं?" विचारलं की सगळे "तारो, मासे" म्हणतात. तारो म्हणजे आपल्या अळूचाच कंद. खरं उत्तर पातेल्याबद्दल विचारल्यावर मिळतं: त्यात काय काय टाकलं, रस्सा कोणी प्यायला, नूडल्सची मसालापुडी अख्खी रिकामी केली का? त्यांच्या पातेल्यात टर्कीची शेपटं होती. पक्ष्याच्या बुडाचा हा तुकडा निम्म्याच्या आसपास चरबीचाच. अमेरिकेत त्याला फारसं गिऱ्हाईक नाही, म्हणून तो गोठवून स्वस्तात बेटांवर येतो. उकळल्यावर सुटलेली चरबी नूडल्स शोषून घेतात.

सामोआ सरकारने 2007 साली या शेपटांची आयात बंद केली होती. 2012 मध्ये सामोआ जागतिक व्यापार संघटनेत गेलं, तेव्हा ही बंदी उठवण्याची अट आली. त्याऐवजी आधी 300 टक्के आणि पुढे 100 टक्के शुल्काची मुभा मिळाली. एकाच मांसावर बंदी का, हा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. मेंढीच्या पोटाचं चरबीदार मांस आणि डब्यातलं बीफ दुकानात होतंच. फिजीने 2000 साली मेंढीच्या त्या मांसाच्या आयातीऐवजी विक्रीवरच बंदी घातली. माल कुठल्याही देशातला असो, नियम एकच; त्यामुळे भेदभावाची तक्रार टिकवणं अवघड. मला ही वाट जास्त शहाणपणाची वाटते. पण शुल्कही निरुपयोगी नाही. हातात मोजके पैसे असले की माणूस आधी किंमत बघतो, माझा आहाराचा तक्ता नंतर.

यांच्या तक्त्यात लिहिलं: शेपटं बंद, जमलं नाही तर उकळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायची, वर गोठलेला थर काढून टाकायचा, नूडल्स वेगळ्या शिजवायच्या, मसालापुडी अर्धीच. तारो मुठीएवढा. मासे महाग पडतात म्हणाले, पण मेहुणा किनाऱ्यालगतच्या प्रवाळ खडकांच्या आतल्या बाजूच्या पाण्यात जाळं टाकतो. आठवड्यातून दोनदा त्याच्याकडून घ्यायचं ठरलं. जखमेच्या ड्रेसिंगसाठी परवा परत बोलावलंय.