गायीचं दूध, फॅटची पावती आणि आमचं डोकं : माझा अनुभव

हिंगण्याच्या पुढे आमचा गोठा आहे, मागच्या वर्षी जर्सी क्रॉस गाय घेतली, पहिलारू. व्यायली तेव्हा चीक इतका पिवळाजर्द आणि घट्ट की बोटं चिकटत होती. आईला खरवसाची घाई, पण डॉक्टरांनी बजावलं होतं की आधी वासराला पाजा आणि तेही तास-दोन तासांत. माणसाच्या बाळाला वारेतून अँटिबॉडीज (रोगाशी लढणारी प्रथिनं) मिळतात, वासराला पोटात असताना काहीच मिळत नाही, सगळं चिकातूनच, आणि त्याचं आतडं त्या जशाच्या तशा शोषून घेतं ते फक्त पहिला एक दिवस. चिकात प्रोटीन १४ टक्क्यांच्या आसपास असतं, साध्या दुधात सव्वातीन, म्हणून तर खरवस नुसत्या वाफेवर जमतो. वासराचं भागून उरलं त्याचा झाला, वेलची जरा जास्तच पडली.

खरी कटकट पुढे. दीडेक महिन्याने गाय बादली भरून द्यायला लागली आणि पावतीवर फॅट ३.२! दूध संकलन केंद्रावरचा माणूस सगळ्यांसमोर म्हणे, "काहून गा भाऊ, बोअरिंगचं पानी टाकता काय?" डोकंच फिरलं. म्हटलं एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) बघ ना, ८.६ आहे, पाणी टाकलं असतं तर तेपण पडलं असतं. डॉक्टरांना विचारलं तर ते हसले, व्यायल्यावर दीड-दोन महिन्यांनी दूध सगळ्यात जास्त असतं आणि फॅटचा टक्का सगळ्यात कमी, पुढे दूध घटत जातं तसा टक्का चढतो.

अजून एक, पहिल्या धारेत फॅट अगदी कमी आणि शेवटच्या धारेत त्याच्या कितीतरी पट. मी दोन पेल्यांत वेगळं धरून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं, सकाळी एकावर जेमतेम पापुद्रा, दुसऱ्यावर बोटभर साय. तेव्हापासून सड पूर्ण रिकामा करूनच उठतो आणि केंद्रावर कॅन ढवळल्याशिवाय सॅम्पल घेऊ देत नाही, तो माणूस वैतागतो, वैतागू दे.

मे महिन्यात दूध निम्म्यावर आलं, फॅट मात्र ४.५, आणि चव खारट! शेवटी शेवटी लॅक्टोज कमी होऊन सोडियम-क्लोराइड वाढतं, पण मस्टायटिसमध्येपण (कासेची सूज) असंच होतं म्हणून सड तपासून घेतले, काही नव्हतं. गाभण होतीच, आटवली. आता दोन महिने ती नुसती चारा खाते आणि आम्ही पिशवीचं दूध आणतो बाप्पा.