बुटांसकट 111, बुटांविना 109

बूट घातलेले असले की आमची तनू 111 सेंटीमीटर भरते. बूट काढले की 109. लहान मुलाला घेऊन थीम पार्कच्या रिसॉर्टवर राहायला निघाला असाल तर बाकीचं वाचा नाहीतर सोडून द्या, पण निघण्यापूर्वी मूल भिंतीला टेकवून उभं करा आणि ही दोन्ही मापं घ्या. मी घेतली नव्हती.

मे 2024 चा तिसरा आठवडा. बायको कामासाठी नागपूरला, शाळेला सुट्टी, आजी-आजोबा गावी, आणि घरातल्या सोफ्याची घसरगुंडी करून झालेली. पुण्याहून खंडाळ्याचा घाट उतरून पलीकडे असलेल्या एका पार्कचं पॅकेज घेतलं. शुक्रवारी पार्क, रात्री त्यांच्याच रिसॉर्टमध्ये मुक्काम, शनिवारी नाश्ता करून परत. नाव लिहीत नाही. फोनवरच्या माणसाला मी स्पष्ट विचारलं होतं, "मुलगी पाच वर्षांची आहे, तिच्याजोगतं काही आहे का?" तो म्हणाला, "भरपूर आहे सर. पाच म्हणजे परफेक्ट एज." हे वाक्य मला पुढचे दोन दिवस सारखं आठवत होतं.

जाताना रस्ता मोकळा मिळाला. कोथरूडहून साडेसहाला निघालो, लेकीला गाडी लागते म्हणून आलेपाकाची वडी तोंडात दिली, पार्क उघडायच्या आधी गेटवर हजर.

तिकीट खिडकीच्या बाजूला एक लाकडी जिराफ उभा आहे. त्याच्या मानेवर आकडे रंगवलेत. 90 च्या खाली फुकट, 110 पर्यंत मुलांचं तिकीट, त्यावर मोठ्यांचं. म्हणजे गंमत बघा, रिसॉर्टची खोली वयावर आणि पार्कचं तिकीट उंचीवर. पॅकेजमध्ये तनूचं मुलांचं तिकीट धरलं होतं, फरक निघाला तर खिडकीवर भरायचा, हे खिडकीवरच कळलं. तनू जिराफाला पाठ लावून ताठ उभी राहिली, वर टाचाही उचलल्या. मी तिचे खांदे धरून टाचा खाली टेकवल्या. तरी 111.

"सर, पाचशे रुपये फरक."

"अहो, बुटाचा तळच दोन सेंटीमीटरचा आहे. काढतो ना बूट, किती वेळ लागतो?"

"बूट काढून मोजत नाही सर. पॉलिसी आहे."

मागे रांग, डोक्यावर ऊन, आणि तनू विचारतेय, "बाबा, मी मोठी झाले ना?" झालीस बाई, पाचशे रुपयांनी झालीस. भरले.

आत गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासात सगळा हिशोब कळला. मोठ्या रोलर कोस्टरला 140 ची अट. मधल्या सगळ्या राइड्सना 120. पाळणे, कप-बशी, झुकझुक गाडी आणि एक मेरी-गो-राउंड एवढंच आमच्या वाट्याला. तिकीट मोठ्या माणसाचं, राइड्स बाळाच्या.

उंचीच्या अटीवर माझा राग नाही, हे नीट सांगतो, कारण रांगेत दोन-तीन आईबाप त्या ऑपरेटर पोरांशी भांडताना बघितले आणि मला त्या पोरांचीच दया आली. मांडीवर येणारा दांडा दोघांना मिळून एक असेल तर तो मोठ्या माणसाच्या मांडीवर अडतो. शेजारच्या लहान मुलाच्या अंगाला तो टेकतच नाही, मध्ये पोकळी राहते, आणि झटका बसला की मूल त्यातून सरकतं. खांद्यावरून येणाऱ्या पट्ट्याचंही तेच. त्यामुळे "मी धरून बसतो ना तिला" हे म्हणणं फोल आहे, हाताने कुणी धरू शकत नाही. अट पाळायचीच. माझं भांडण आहे ते त्या "परफेक्ट एज"शी.

घरी आल्यावर जागतिक आरोग्य संघटनेचा तक्ता काढून बघितला, जो खरं तर आधी बघायचा. पाच वर्षं पूर्ण झालेल्या मुलीची मध्यम उंची 109.4 सेंटीमीटर, मुलाची 110. म्हणजे तनू अगदी तक्त्यात बसणारी आहे, तिच्यात काही कमी नाही. 120 गाठायला मुलीला जवळपास सात वर्षं लागतात, आणि दहाव्या वर्षीसुद्धा मध्यम उंची 138.6 च आहे. तेव्हा माझं स्पष्ट मत, सात वर्षांच्या आत या असल्या पार्कला जाऊ नका. सात ते दहाच्या मुलांना अर्धं पार्क मिळतं, ते चालेल. पाच वर्षांच्या मुलाला नेणं म्हणजे शुद्ध पैसे उधळणं.

आणि एकट्याने तर अजिबात नेऊ नका. मला वाटलं होतं, एखादी राइड आपणही मारू. मूल कुणाकडे ठेवणार? बाकावर बसलेल्या अनोळखी बाईंकडे? मोठ्यांचं तिकीट काढून मी दिवसभरात झुकझुक गाडीत चार वेळा बसलो, गुडघे हनुवटीला लावून. तनूला मात्र ती इतकी आवडली की पाचव्यांदा रांगेत उभी राहिली तेव्हा मी हात जोडले. पुण्यात सारसबागेशेजारी पेशवे उद्यानात फुलराणी ही मुलांची छोटी आगगाडी 1956 पासून आहे. माझ्या बाबांनी मला तिच्यात बसवलंय. दीड हजारांचं तिकीट काढून, घाट उतरून मी लेकीला फुलराणीत बसवून आणलं, असा हा प्रकार.

दुपारी वॉटर पार्क. इथे सुती कपडे चालत नाहीत, धागे निघून फिल्टरमध्ये अडकतात, रंग जातो. हे माहीत होतं म्हणून आमचे नायलॉनचे कपडे घरूनच नेले होते. तुम्हीही न्या, कारण तिथे भाड्याने मिळणारे ओलेच हातात पडतात. चप्पल काढून ठेवावी लागते आणि मे महिन्यात दुपारी दोन वाजता फरशी तव्यासारखी तापते. तळाला रबर असलेले पाण्यातले मोजे मिळतात, ते मुलासाठी जरूर घ्या. मी तनूला कडेवर घेऊन टुणटुण उड्या मारत एका रंगीत घसरगुंडीपाशी पोचलो. पाटीवर अट 110. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, चला, पाचशे रुपयांचं काहीतरी चीज झालं.

तिथल्या पोराने भिंतीवरच्या रेघेला तनूला उभं केलं. अनवाणी. तो खाली वाकला, तिच्या डोक्यावर तळहात आडवा ठेवला आणि हात तसाच भिंतीला नेऊन टेकवला. रेघेच्या खाली एक बोट जागा उरली.

"नाही होणार सर. 109 आहे."

मी खिशातून भिजलेली पावती काढली. खोटं वाटेल, पण काढली. "हे बघा दादा, तुमच्याच गेटवर ही 111 आहे. मोठ्यांचं तिकीट लावलंय." त्याने पावती दोन्ही हातांनी धरून नीट वाचली, मला परत दिली आणि म्हणाला, "सर, ते तिकीटवाले. आम्ही इथे सेफ्टीवाले." तो बरोबर होता, हेच वाईट. तनूने भोकाड पसरलं. तिचा प्रश्न साधा होता: सकाळी मी मोठी होते, आता का नाही?

परत गेटजवळच्या मदत कक्षात गेलो. तिथल्या ताईंनी ऐकून घेतलं, वहीत लिहून घेतलं, तनूला चॉकलेट दिलं. फरकाचे पैसे दिले नाहीत. तेव्हा सल्ला असा की मूल कुठल्याही आकड्याच्या दोन-तीन सेंटीमीटर अलीकडे-पलीकडे असेल तर तिकीट खिडकीवर पातळ तळाच्या सपाट सँडलमध्ये न्या, स्पोर्ट्स शूज नकोत. केसांचा वर बांधलेला अंबाडाही नको. यात फसवणूक काही नाही, मुलाची खरी उंची तीच आहे.

लॉकरचं भाडं दोनशे आणि अनामत तीनशे. अनामत परत घ्यायची वेगळी रांग, ती संध्याकाळी पाचनंतर अर्ध्या तासाची होते, म्हणून साडेचारलाच मोकळे व्हा. पाण्याची बाटली साठ रुपये. छापील किमतीवरून मी तिथेही हुज्जत घातली, पण आमच्या सोसायटीतल्या वकीलकाकांनी नंतर माझी हवा काढली. हॉटेल आणि रेस्टॉरंटला छापील किमतीची सक्ती नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्येच सांगितलंय म्हणे, तिथे बसवून वाढण्याची सेवाही असते. आम्हाला कुणी बसवलं नव्हतं, उन्हात उभं राहून प्यायलो, तरी असो. रिकामी बाटली मात्र आत नेऊ देतात आणि झुकझुक गाडीच्या स्टेशनामागे थंड पाण्याचा नळ आहे. तिथे पाटी नाही. पार्कातली सगळ्यात उपयोगी जागा ती.

बापांसाठी एक वेगळी सूचना. पाच वर्षांची मुलगी, चिंब भिजलेली, थंडीने दात वाजतायत, आणि कपडे बदलायच्या खोल्या दोनच, पुरुष आणि महिला. पुरुषांकडे तिला नेण्यासारखं वातावरण नव्हतं, महिलांकडे मी जाऊ शकत नव्हतो. दारावरच्या मावशींना सांगितलं, त्यांनी तिला आत नेऊन, डोकं खसाखसा पुसून, फ्रॉकची बटणं लावून बाहेर आणून दिलं. मावशी भल्या होत्या, पण हे नशिबावर सोडू नका. गाडीत मोठा पंचा ठेवा आणि सरळ पार्किंगमध्ये जाऊन बदला.

बाहेर पडायचा रस्ता दुकानातूनच जातो. तनूने जिराफाचं चित्र असलेली प्लास्टिकची बादली उचलली, साडेतीनशे रुपये. दिवसभराच्या रडारडीनंतर नाही म्हणायची ताकद उरली नव्हती.

रिसॉर्ट छान होतं. संध्याकाळी तळ्यात डुंबलो, जेवलो, ती नऊला झोपली.

आता शनिवार, म्हणजे माझ्या हुशारीचा खरा निकाल. शनिवार-रविवारची गर्दी टाळायला शुक्रवार-शनिवार घेतला होता. शनिवारी सकाळी पुण्याकडून मुंबईकडे उतरणारी बाजू बरी असते, पण आम्ही उतरत नव्हतो, चढत होतो. शनिवारी सकाळी मुंबई रिकामी होऊन लोणावळ्याकडे चढते. त्यात पुण्याचं मतदान 13 मे ला उरकलं होतं, बोटावरची शाई तेवढी बाकी होती. मुंबई-ठाण्याचं 20 तारखेच्या सोमवारी होतं. जोडून सुट्टी. मला आपलं मतदान झालं म्हणजे देशाचं झालं असंच वाटत होतं.

पावणेअकराला निघालो. आडोशी बोगद्याच्या अलीकडेच गाड्या थांबलेल्या. तिथून लोणावळ्यापर्यंतच्या दहाएक किलोमीटरला पावणेतीन तास. घाटातला 1830 सालचा अमृतांजन पूल एप्रिल 2020 मध्ये पाडला तेव्हा वाटलं होतं, आता सुटली कोंडी. पण मूळ दुखणं वेगळं होतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सहा मार्गिका आणि जुन्या महामार्गाच्या चार, दोन्ही तेव्हा या तुकड्यात एकत्र यायच्या आणि रस्ता राहायचा सहाच मार्गिकांचा. त्यात ट्रक डावीकडून मधल्या मार्गिकेत येऊन दुसऱ्या ट्रकला गोगलगाईच्या वेगाने मागे टाकू बघतात. चढावर थांबत-सरकत जाताना इंजिन तापतं, क्लच जळाल्याचा वास येतो. आमच्या पुढे तीन गाड्या बॉनेट उघडून उभ्या होत्या. तापमानाचा काटा वर चढताना दिसला की एसी बंद करून काचा खाली घ्या. मी घेतल्या. घामाच्या धारा आणि डिझेलचा धूर.

आणि बरोबर तेव्हा मागून आवाज आला, "बाबा, शू."

डावीकडे ट्रक, उजवीकडे दुभाजक, मागे एक बस. थांबायला जागा नाही, आणि असती तरी तिथे मुलाला घेऊन गाडीबाहेर पडणं म्हणजे वेडेपणा. मुलगा असता तर बाटलीवर भागलं असतं. मी मागे वळून बघितलं. तनू जिराफाची बादली मांडीवर घेऊन माझ्याकडेच बघत होती. दोघांच्याही लक्षात एकदमच आलं. हँडब्रेक ओढला, पंचा आडोशाला धरला, काम झालं. दोन दिवसांत मी जेवढे पैसे खर्च केले त्यातले तेवढे साडेतीनशे पूर्ण वसूल झाले.

तेव्हा परतीचं सांगतो. शनिवारी दुपारी दोनच्या आत घाट चढायला जाऊच नका. नाश्ता करून खोलीतच लोळा, रिसेप्शनला गोड बोलून खोली सोडायची वेळ वाढवून घ्या. त्याहून चांगलं म्हणजे मंगळवार-बुधवार गाठा. घाट लागण्याआधीच्या फूड मॉलला गाडी थांबवा, मुलाला लागलेली नसली तरी स्वच्छतागृहात नेऊन आणा, वडापाव नंतर. आणि निघण्यापूर्वी कॅलेंडरमध्ये पुण्याची नाही, मुंबईची सुट्टी बघा.

आम्ही चारला घरी पोचलो. रात्री बायकोचा फोन आला, काय काय केलंस ग तिथे? तनूने झुकझुक गाडी सांगितली आणि बादली सांगितली, बाकी काही नाही. बादली उकळत्या पाण्याने धुतली. ती आता कायमची डिकीत असते.